कापूसकोंडा, आटपाट नगर आणि टुणुक टुणुक भोपळा

‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ या प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. ‘हो’ म्हटलं तर ‘हो काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ ‘नको’ म्हटलं तर ‘नको काय म्हणतोस, कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ गप्प बसलं तरी सुटका नाही, कारण ‘गप्प काय बसतोस’ तयारच असतं. मूल आधी बुचकळ्यात पडतं, मग चिडतं, मग हसायला लागतं आणि दुसऱ्या दिवशी धाकट्या भावंडाला गाठून स्वतःच विचारतं, ‘कापूसकोंड्याची गोष्ट सांगू?’ गोष्ट कधीच सांगितली जात नाही. तरी मराठी घरात ती ठाऊक नाही असा माणूस सापडणं कठीण.

या कापूसकोंड्याचं खरं कूळ शब्दांत नाही, दिवसाच्या वेळेत आहे. दिवेलागण उलटून गेलेली, सांगणाऱ्या बाईचे पाय दुखताहेत, दोन गोष्टी सांगून झाल्यात आणि पोरांची ‘अजून एक’ची भुणभुण काही थांबत नाही. सरळ नाही म्हणावं तर रडारड. म्हणून नकारालाच गोष्टीचे कपडे घालायचे. कापूस आणि कोंडा, दोन्ही गोणीभर भरा, वजन म्हणून काही नाही. आत काहीच नसलेल्या गोष्टीला याहून शोभेसं नाव कुणी सुचवून दाखवावं. मोठेपणी हाच शब्द रखडलेल्या पुलाला, तारखांवर तारखा पडणाऱ्या खटल्याला आणि वर्षानुवर्षं ‘विचाराधीन’ असलेल्या मागणीला लावला जातो. वर्तमानपत्रातला मथळा वाचून कुणी अर्थ विचारत नाही, कारण प्रत्येकाने लहानपणी तो डोकं पिकवून घेत अनुभवलेला असतो.

आता हा आपला खास मराठी वाह्यातपणा आहे असं वाटत असेल तर रशियाकडे पाहा. तिथे ‘पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगू का?’ असं विचारतात. पोर म्हणतं, ‘सांग.’ मग, ‘तू म्हणतोस सांग, मी म्हणतो सांग, पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट सांगू का?’ तंत्र तेच. आणि रशियन बोलीतही ‘पांढऱ्या गोऱ्ह्याची गोष्ट’ म्हणजे पुनःपुन्हा तिथेच येणारं, कधी न संपणारं प्रकरण. स्पॅनिश मुलांना ‘चांगल्या चिलमीची गोष्ट’ सांगू का म्हणून छळतात. ‘हो’ म्हटलं की उत्तर येतं, मी तुला हो म्हणायला सांगितलं नव्हतं, गोष्ट सांगू का एवढंच विचारलं. कोलंबियात हीच जागा खच्ची केलेल्या कोंबड्याच्या गोष्टीने घेतली आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या १९६७ सालच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ या कादंबरीत माकोंदो गावाला निद्रानाशाची साथ लागते, तेव्हा झोप न येणारी माणसं रात्रीच्या रात्री याच कोंबड्याच्या गोष्टीचा खेळ खेळत बसतात. कापूसकोंड्याला जागतिक साहित्यात मिळालेलं हे सर्वांत मोठं सिंहासन.

मराठी आजी, रशियन आजी आणि कोलंबियन आजी यांची भेट कधी झाली? बहुधा कधीच नाही, आणि होण्याची गरजही नव्हती. जिथे गोष्टीला सोकावलेलं पोर आहे आणि थकलेलं मोठं माणूस आहे तिथे हा डाव आपोआप सुचू शकतो. लोककथांचे अभ्यासक कथांना क्रमांक देतात. फिनलंडच्या आंटी आर्ने यांनी १९१० साली ही यादी सुरू केली, अमेरिकेच्या स्टिथ थॉम्पसन यांनी ती वाढवली आणि जर्मन अभ्यासक हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ मध्ये तिला आजचं रूप दिलं. तिघांच्या नावांवरून तिला ‘एटीयू’ म्हणतात. त्या यादीत २३००च्या आसपासचे क्रमांक न संपणाऱ्या आणि गोल फिरणाऱ्या गोष्टींसाठी राखून ठेवले आहेत. धान्याच्या कोठारातून चिमणी येते, एक दाणा घेते, भुर्रकन उडून जाते, मग दुसरी चिमणी येते, ही आपली आणखी एक गोष्ट त्याच आळीतली.

मात्र सगळ्याच गमतीच्या बोलांची अशी फुकटात वासलात लागत नाही. काही बोल प्रवास करून आलेले असतात. ते कसं ओळखायचं, याचं उत्तम उदाहरण आपल्या म्हातारीच्या भोपळ्यात आहे.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत जंगल. कोल्हा आडवा येतो, वाघ आडवा येतो, ‘म्हातारे, तुला खातो’ म्हणतो. म्हातारी आपली हाडं दाखवते आणि सांगते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होऊन येईन, मग मला खा. वाघ मूर्ख असल्यामुळे की व्यवहारी असल्यामुळे कोण जाणे, तयार होतो. परतताना लेक तिला भोपळ्यात बसवते. वाघ विचारतो, म्हातारीला पाहिलंस का? आतून उत्तर येतं, ‘म्हातारी कोतारी मला नाही ठाऊक, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक.’

१९१० साली कोलकात्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांचं ‘टुनटुनीर बोई’ प्रसिद्ध झालं. उपेंद्रकिशोर म्हणजे सत्यजित राय यांचे आजोबा. त्या पुस्तकात एक कुबडी म्हातारी आहे. तीही नातलगांकडे निघते, तिलाही वाघ-कोल्हे अडवतात, तीही जाड होऊन येण्याचा वायदा करते आणि परतताना ‘लाऊ’मध्ये बसून येते. लाऊ म्हणजे दुध्या. बंगाली भोपळा टुणुक टुणुक उडत नाही, गडगड गडगड लोळतो. इराणमध्ये हीच गोष्ट मुलं ‘कदू-ए-केलकेलेझन’ या नावाने ऐकतात. कदू म्हणजे भोपळा, आणि पुढचा शब्द म्हणजे त्याच्या गरगर लोळण्याचा आवाज. म्हातारी तीच, लेक तीच, वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह.

पंजाबात म्हातारीच नाही. फ्लोरा ॲनी स्टील आणि आर. सी. टेंपल यांनी १८८४ साली छापलेल्या ‘वाइड-अवेक स्टोरीज’ या संग्रहात एक कोकरू आजीकडे जातं. कोल्हा, गिधाड, वाघ, लांडगा, सगळ्यांना तेच सांगतं: आजीकडे जाऊन लठ्ठ होऊन येतो, मग खा. येताना मात्र ते ढोलकीत बसून येतं, आणि ती ढोलकी त्याच्या मेलेल्या भावाच्या कातड्याची असते. ही गोष्ट सांगताना पंजाबी आज्यांना काही वाटत नव्हतं आणि ऐकताना पोरांनाही वाटत नव्हतं. आजच्या पालकसभेत ती वाचून दाखवली तर काय होईल ते सांगायला नको. ढोलकी अर्थातच टुणुक म्हणत नाही. ती ‘टम-पा, टम-टू’ करत जाते.

आता जुळणी पाहा. जाणारी व्यक्ती दुबळी. वाटेत एकाहून अधिक जनावरं. जाड होऊन येण्याचा वायदा. परतताना आत बसता येईल अशी गोल, पोकळ, घरंगळणारी वस्तू. आणि त्या वस्तूला पुढे ढकलणारा नादमय बोल. कापूसकोंड्यात जुळणारी बाब एकच होती, इथे चार-पाच आहेत आणि त्यांतली एकही अपरिहार्य नाही. म्हातारी झाडावर लपू शकली असती, रात्री येऊ शकली असती, दुसऱ्या वाटेने येऊ शकली असती. ढाक्यापासून तेहरानपर्यंत तिला गोल पोकळ वस्तूतच बसावंसं वाटलं हा योगायोग मानायला माझी तयारी नाही. यादीत या कथेला १२२-फ हा क्रमांक आहे आणि ‘जाड होईपर्यंत थांब’ असंच तिचं नाव आहे. गोष्ट फिरली, आणि फिरताना पात्रं थोडीफार बदलली, पण सगळीकडे हटकून बदलला तो आवाज. प्रत्येक भाषेने आपल्या कानाला गोड लागेल तो ध्वनी घातला. व्यापाऱ्यांनी, फकिरांनी, लष्कराबरोबर हिंडणाऱ्या कुटुंबांनी आणि सासरी गेलेल्या मुलींनी कथानक इकडचं तिकडे नेलं. आवाज मात्र ज्या त्या गावचा राहिला.

मराठी आवाजाबद्दल एक शंका मनात यायला हवी. भोपळा टुणुक टुणुक उडतो कसा? बाजारातला लाल भोपळा उचलून पाहा. घरंगळेल, आपटला तर फुटेल, पण उडणार नाही. याचं कारण असं की चित्रांच्या पुस्तकांनी आपल्या डोळ्यांसमोर चुकीचा भोपळा उभा केला आहे. लाल भोपळ्याचं कूळ अमेरिका खंडातलं. कोलंबसानंतर तो जुन्या जगात आला. फ्रेंच कथाकार शार्ल पेरोने १६९७ साली सिंड्रेलाच्या बग्गीसाठी भोपळा वापरला तोवर तो फ्रान्सच्या बागांत रुळला होता, आणि आपल्या म्हातारीच्या चित्रांत आज जो नारिंगी, फाकांफाकांचा भोपळा दिसतो त्याच्यावर त्या बग्गीची सावली आहे. आपला जुना भोपळा वेगळा. दुध्याच्या जातीचा, वेलीवरच वाळू दिलेला, आतला गर सुकून पोकळ झालेला, कवच लाकडासारखं टणक आणि वजनाला हलका. अशाच भोपळ्याचा तुंबा करून साधू पाणी नेत, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला तोच बांधत, आणि मिरजेचे कारागीर तंबोऱ्याचा भोपळा निवडताना बोटाने टिचकी मारून त्याचाच आवाज ऐकतात. पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्या भागात असे मोठाले भोपळे पिकतात. वाळलेला भोपळा दगडावरून सोडला तर लोळता लोळता मध्येच उसळतो आणि पोकळ नाद करतो. ‘टुणुक’ हा शब्द नुसता बडबडीतला नाही. ज्याने तो योजला त्याने वाळका भोपळा हाताळलेला होता.

बोलांचं मूळ शोधण्याच्या या उद्योगाची टिंगल चारशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे हेही इथे नोंदवलेलं बरं. इंग्रजी गोष्टींतला राक्षस माणसाचा वास आला की ‘फी-फाय-फो-फम’ असं गरजतो आणि इंग्रज माणसाच्या रक्ताचा वास येतोय म्हणतो. टॉमस नॅश या इंग्रज लेखकाने १५९६ साली एका पुस्तकात लिहिलं की एखादा काटेकोर पंडित या शब्दांच्या उगमावर अख्खा दिवस काथ्याकूट करील. म्हणजे तेव्हाच हा बोल इतका जुना झाला होता की त्याचं मूळ कुणाला सांगता येत नव्हतं. पुढे दहाएक वर्षांतच शेक्सपिअरने ‘किंग लियर’मध्ये वेड्याचं सोंग घेतलेल्या एडगरच्या तोंडी तो घातला. गंमत म्हणजे रशियन गोष्टीतली चेटकीण बाबा यागा हिलाही ‘रशियन माणसाचा वास’ येतो आणि आपल्या राक्षसाला ‘माणूसघाण’ येते. राक्षस कुठल्याही देशाचा असो, त्याचं नाक तीक्ष्ण आणि डोळे अधू. आपल्याकडे राक्षसाचा उल्लेख गेला, पण त्याचं ‘खाऊ का गिळू’ मागे राहिलं. आता ते साहेबांच्या किंवा सासूबाईंच्या चेहऱ्याचं वर्णन करायला वापरतात.

राक्षसाचा जीव पोपटात ठेवण्याची सोयही अशीच मागे राहिली. एखाद्या मंत्र्याचा जीव अमुक खात्यात आहे असं म्हणताना ‘याचा पोपट तिथे आहे’ असं सहज बोललं जातं. या पोपटाचा आपल्या भागातला एक जुना छापील पुरावा १८६८ सालचा आहे. त्याबद्दल शेवटी सांगतो.

त्याआधी घरच्या मालाकडे वळू. श्रावणातल्या कहाण्या ‘आटपाट नगर होतं’ असं म्हणून सुरू होतात. चार्ल्स किंकेड नावाच्या सनदी अधिकाऱ्याने या कहाण्या इंग्रजीत आणल्या. द. ब. पारसनिसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किंकेड ते हेच. १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे त्यांचं पुस्तक निघालं, चित्रं म. वि. धुरंधरांची. त्यात पहिल्याच कहाणीत वाचकाला सांगितलं जातं की ‘आटपाट’ नावाचं एक गाव होतं. लंडनच्या वाचकाने नकाशा उघडला असेल तर त्याला ते सोलापूरच्या आसपास सापडलं नसणार हे उघड आहे. पण किंकेडांना हसण्यात अर्थ नाही. मराठी मुलांनाही ते गावाचंच नाव वाटतं. संस्कृतात ‘अट्ट’ म्हणजे बुरूज, माडी, आणि त्यावरून माड्या-पेठांचं भरलेलं शहर असा अर्थ लावता येतो. लावावा, पण सांगणाऱ्या बाईला त्याची गरज कधी पडली नाही. तिचं काम दुसरंच होतं. पुणे म्हटलं असतं तर ऐकणारीने ‘कुठल्या पेठेत?’ म्हणून विचारलं असतं. आटपाट नगरात पेठ विचारायची सोय नाही.

इराणी आणि तुर्की गोष्टी हे काम ‘एक होता, एक नव्हता’ या धर्तीच्या सुरुवातीने करतात. होता म्हणायचं आणि लगेच नव्हता म्हणून हात झटकायचे. आपली कहाणी इतकी सावध नाही. ती ‘होतं’ म्हणते आणि ठाम उभी राहते, कारण तिला पुढे व्रत करवून घ्यायचं असतं. नव्हतं म्हणून कसं चालेल?

कहाणीच्या शेवटी ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ हा बोल येतो, काही घरांत ‘साता उत्तरांची’ असाही. हा ऐकून साठ प्रश्नांची उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे येते, पण जुन्या मराठीत ‘उत्तर’ म्हणजे बोल, वचन. संतांच्या रचनांमध्ये हा अर्थ सर्रास आहे. साठ बोलांत सांगायची कहाणी पाच बोलांत आटोपली, तरी फळ पूर्ण मिळो, असा तो करार. म्हणजे या बोलात थोडी क्षमायाचना आहे आणि थोडी चलाखी. स्वयंपाक खोळंबलेला असताना, उपासाने पोटात कावळे ओरडत असताना सगळी साठ उत्तरं सांगणार कोण? देवाशी इतक्या मोकळेपणाने तडजोड करणारं वाक्य मराठीत दुसरं मला आठवत नाही.

आदित्यराणूबाईची कहाणी नीट ऐकली तर या बोलांमागचं यंत्र उघडं पडतं. राणीला कहाणी सांगायची आहे, पण ऐकणारं उपाशी माणूस हवं. ती शोधत निघते. मोळीविक्या भेटतो. राणीजवळ सहा मोती, तीन स्वतःकडे ठेवते, तीन त्याला देते. ती मनोभावे सांगते, तो चित्तभावे ऐकतो, आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. पुढे मळा पिकत नसलेला माळी भेटतो, मुलगे गमावलेली म्हातारी भेटते, हातपाय नसलेला मांसाचा गोळा भेटतो. प्रत्येक वेळी तेच मोती, तेच मनोभावे, तेच चित्तभावे. लिखाणात ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. ऐकताना ती आधार असते, कारण सांगणारीला पुढचं आठवायला तेवढा वेळ मिळतो आणि ऐकणाऱ्या बायका हातात अक्षता घेऊन तेच शब्द ओठांतल्या ओठांत पुटपुटतात. शिवाय या कहाणीत एक धूर्त गोष्ट आहे. कहाणी ऐकण्याने काय मिळतं, हेच तिने कहाणीत सांगून टाकलं आहे. जाहिरात आणि माल एकाच पुडीत.

‘उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही’ हाही त्याच घरचा. दूध उतू जातं तसं वैभवाने उतू जायचं नाही, एवढा साधा स्वयंपाकघरातला अर्थ. हा बोल कहाणीतून बाहेर पडून शपथविधीच्या भाषणांपर्यंत पोचला. तिथे तो कितपत पाळला जातो याची नोंद वाचकांकडे असेलच.

मूळ शोधताना क्वचित हाताला खरोखरच जुना धागा लागतो. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस येतो, शेणाचं घर वाहून जातं आणि कावळा दार ठोठावतो. ही गोष्ट तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ‘लीळाचरित्रा’त आहे. म्हाइंभटांनी जमवलेल्या या ग्रंथात ती चक्रधरस्वामींच्या तोंडून येते. तिथे चिमणीऐवजी साळई आहे, पण शेण तेच आणि मेणही तेच. सातशेहून अधिक वर्षं झाली. यादवांचं राज्य गेलं, बहमनी आले, निजामशाही-आदिलशाही, मराठे, इंग्रज, सगळे येऊन गेले, आणि पक्षीण बदलली तरी यमक हललं नाही. टिकलं ते यमकाच्या जोरावर. शेण आणि मेण या दोन शब्दांनी एकमेकांना असं धरून ठेवलं आहे की सांगणाऱ्याला विसरताच येत नाही. एरवी चिमणी मेणाचं घर बांधते यावर कोणता पक्षिनिरीक्षक सही करील?

चिमणीचं ‘थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे लांबण मात्र ताणता येईल तेवढं ताणायचं असतं. गोष्ट सांगणारीच्या हातात ताट असतं. बाळाने तोंड उघडलं नाही तर चिमणी काजळ घालते, अंगडं घालते, पाळण्यात निजवते. घास संपला की दार उघडतं. म्हणूनच ही गोष्ट कधी दोन मिनिटांची असते आणि कधी वीस मिनिटांची, आणि ‘मूळ गोष्ट कोणती’ हा प्रश्न तिला लावणं व्यर्थ आहे.

मला स्वतःला या सगळ्यांत उंदराची टोपी सर्वांत आवडते. उंदराला चिंधी सापडते, तो धोब्याकडून धुऊन घेतो, शिंप्याकडून टोपी शिवून घेतो, गोंडे लावून घेतो आणि ढोल वाजवत राजवाड्यासमोर जातो. आपली टोपी राजाच्या टोपीपेक्षा छान आहे असं ओरडतो. राजा टोपी काढून घेतो. उंदीर ओरडतो: ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली, ढुम ढुम ढुमाक.’ राजा चिडून टोपी परत फेकतो. उंदीर ओरडतो: ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली, ढुम ढुम ढुमाक.’ घेतली तरी नाचक्की, दिली तरी नाचक्की. वर उल्लेख केलेल्या बंगाली पुस्तकातला टुनटुनी पक्षी राजाला याच कात्रीत पकडतो, फक्त टोपीऐवजी एक नाणं आहे. राजाची फजिती करायला भाषण लागत नाही, ढोल आणि दोन वाक्यं पुरतात. मराठीतल्या राजकीय उपहासाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पहिलं पान या उंदराला द्यावं असं माझं मत आहे. जिथे राजाला उघड बोलणं महागात पडत होतं तिथे उंदराला बोलू दिलं, आणि ‘ढुम ढुम ढुमाक’ने सगळ्यावर खेळाचा शिक्का मारला. कुणी हटकलंच तर, पोरांची गोष्ट आहे, एवढं म्हणून मोकळं होता येतं.

गोष्टीच्या वेळेलाही एक बोल आहे. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. हा हिंदी मुलखात सर्रास ऐकू येतो आणि आपल्याकडच्या काही घरांतही. यात गूढ काही नाही. दिवसा शेतातली कामं असतात आणि गोष्टीला बसलेली माणसं उठत नाहीत. मामाला वाट चुकवणं हा पोरांना गप्प करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय, कारण खाऊ घेऊन येणारा मामा चुकावा असं कुठल्या भाच्याला वाटेल?

आता ते १८६८ सालचं पुस्तक. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर असताना त्यांची मुलगी मेरी बरोबर होती. छावणीत तिच्या सोबतीला ॲना लिबेराता डिसूझा ही आया होती. ॲनाचं घराणं मूळचं लिंगायत, आजोबांच्या वेळी गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेलं. तिने आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या आणि त्यांचं ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक झालं. त्यातल्या पहिल्या गोष्टीतला पंचकिन नावाचा जादूगार आपला जीव दूरवरच्या एका हिरव्या पोपटात ठेवतो. पुढे मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात शरीराबाहेर ठेवलेल्या जिवाची चर्चा करताना हाच पोपट उदाहरणाला घेतला. मेरी फ्रिअरने आणखी एक शहाणपणाचं काम केलं: ॲनाच्या स्वतःच्या आयुष्याची हकीकतही पुस्तकात छापली. तीत ॲनाची एक तक्रार आहे की पूर्वीच्या म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगायची हौस होती, आताच्यांना फक्त पैशाची आहे. दीडशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचून, गोष्टी आता संपल्या असं आज म्हणणाऱ्यांनी थोडा दम खायला हरकत नाही.

पण एक उणीव त्या पुस्तकात राहिली. ॲनाने गोष्टी इंग्रजीत सांगितल्या आणि मेरीने इंग्रजीत उतरवल्या. आजी गोष्ट कोणत्या शब्दांनी उघडायची, राक्षस कोणत्या आवाजात ओरडायचा, मध्ये कोणता बोल फिरून फिरून यायचा, हे तिच्या भाषेत त्यात नाही. कथानक वाचलं, आवाज गेला. लोककथा जमवणाऱ्यांच्या हातून असं नेहमी होतं, कारण बोल हा त्यांना पाल्हाळ वाटतो आणि कथानक हा ऐवज.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरी कुणी ऐंशीच्या पुढचं असेल तर गोष्ट विचारू नका, गोष्टीतले बोल विचारा. भोपळा तुमच्याकडे टुणुक म्हणतो की आणखी काही, चिमणी काजळ आधी घालते की तीट आधी लावते, कहाणी साठा उत्तरांची की साता उत्तरांची, हे त्यांच्याच उच्चारात, गावाच्या नावासकट वहीत लिहून ठेवा किंवा मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, जशी असेल तशी. शुद्ध करून घेऊ नका.